तीन बाटल्या आणि तांबडं भूत : सेगुंदो दे चोमोनचा १९०७ चा भयपट

माळरान (धागाकर्ता)

मंडळी, जेमतेम नऊ मिनिटांच्या एका चित्रपटावर धागा काढतोय. 'ल स्पेक्त्र रूज', म्हणजे 'तांबडं भूत'. साल १९०७, चित्रपट कंपनी पॅरिसची पाते, दिग्दर्शक स्पेनमधल्या तेरुएल गावचा सेगुंदो दे चोमोन. काही याद्यांत पातेच्याच फर्दिनाँ झेका या दिग्दर्शकाचंही नाव सोबत दिसतं. चित्रपट मूक आहे, हक्क केव्हाच संपलेत, जालावर फुकट मिळतो. आधी बघून या, कारण पुढे मी सगळं सांगून टाकणार आहे.

एक गुहा. ज्वाळा. मधोमध एक शवपेटी, तीही स्वस्थ उभी नाही, हलतेय. झाकण उघडतं आणि आतून कवटीच्या तोंडाचा, हाडं रंगवलेला, मोठा झगा पांघरलेला एकजण बाहेर येतो. हेच आपलं तांबडं भूत. तो झगा पसरतो, बायका प्रकट करतो, गायब करतो. दोघींना कापडात गुंडाळून अधांतरी तरंगत ठेवतो, खालून जाळ लागतो आणि क्षणात तिथे काही उरत नाही. इथपर्यंत रंगमंचावरच्या जादूगाराचाच खेळ चाललाय असं वाटतं. भूत मागे, आपण पुढे, मध्ये सुरक्षित अंतर.

मग तो तीन बाटल्या घेतो आणि कॅमेऱ्याच्या दिशेनं चालत येतो.

मी तिथे थांबवून तो तुकडा पाच-सहा वेळा पाहिला. त्या काळचा कॅमेरा म्हणजे नाटकगृहात मधल्या रांगेत बसलेला प्रेक्षक. नट डोक्यापासून पायापर्यंत दिसलाच पाहिजे, नाहीतर 'पैसे पूर्ण नटाचे दिले, अर्धाच दाखवला' अशी तक्रार व्हायची. आणि इथे हा कवटीवाला ते अंतर मोडून थेट आपल्यापुढे येतो, इतका जवळ की चेहऱ्यावरचे रंगाचे फटकारे मोजता यावेत. एकेक बाटली नीट समोर धरतो. प्रत्येकीत एक बाई, वीतभर उंचीची, जिवंत, हलणारी. वरून तो बाटलीत काहीतरी ओततो. कसली घाई नाही. लोणच्याच्या बरण्या भरणाऱ्या माणसाइतका शांत.

भीती वाटली ती इथे. जाळ बघून नाही, शवपेटी बघून नाही. समोर धरलेली बाटली, तिच्यातली ती छोटी बाई आणि मागे त्याचं हसू. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या फिल्मनं माझ्या अंगावर काटा आणला, आणि आणणारा माणूस आपल्याकडे जवळजवळ कुणाला ठाऊक नाही. म्हणून हा धागा.

पुढे एक सद्शक्ती येते, तीही बाईच, आणि त्याचा एकेक डाव मोडत जाते. शेवटी त्याच्यातला जीवच निघून जातो, नुसता सांगाडा राहतो.

कुणी पाहिलाय का? चोमोनचं आणखी काय बघितलंय? सविस्तर लिहा.


तगर

धागा वाचला आणि लगेच बघून आले. बाटल्यांचं दृश्य अगदी तुम्ही म्हणता तसंच आहे, पण बाकीचा चित्रपट मला भीतीदायक वाटला नाही. सुंदर वाटला. ज्वाळांचा तो केशरी-तांबडा रंग, बायकांचे पोशाख, सगळं जुन्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखं. याला भयपट म्हणावं का? जादूचे प्रयोगच आहेत ना हे?


माळरान

तगर, प्रश्न अगदी योग्य आहे. १९०७ साली 'भयपट' असा वेगळा प्रकार कुणाच्या डोक्यातच नव्हता. पातेच्या यादीत असल्या चित्रपटांचा वर्ग होता 'करामतींची दृश्यं'. ते दाखवले जायचे जत्रेतल्या तंबूत, गाण्या-नाचण्याच्या थिएटरात, दोन कसरतींच्या मधे. त्याही आधी युरोपात मॅजिक लँटर्ननं, म्हणजे काचेवरची चित्रं उजेडानं मोठी करून दाखवणाऱ्या दिव्यानं, धुरावर सांगाडे नाचवण्याचे खेळ शंभर-सव्वाशे वर्षं चालत आले होते. चोमोनचं भूत त्याच घराण्यातलं. प्रेक्षक घाबरायला आणि टाळ्या वाजवायला एकाच तिकिटात यायचा.

पण म्हणूनच मला बाटल्यांचा क्षण मोठा वाटतो. जादूगार प्रेक्षकाला भीती दाखवतो ती स्वतः मंचावर राहून. मंच सोडून तो तुमच्या नाकासमोर आला की मामला बदलतो. चोमोनला हे कळलं होतं.


अनवट

माळरान, तुमचा उत्साह समजतो, पण थोडं भानावर येऊन बोलू. फ्रान्सचा जादूगार-दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस, त्यानं १८९६ मध्येच सैतानाच्या वाड्याचा चित्रपट केला होता. वटवाघळाचा सैतान होतो, सांगाडे येतात, बायका प्रकटतात, सगळं त्यात आहे. चंद्रावरच्या सफरीचा मेलिएसचा चित्रपट १९०२ चा, आणि चोमोननं १९०८ साली तशीच चंद्राची सफर काढली, जवळजवळ दृश्यागणिक तीच. पातेला मेलिएसशी बाजारात टक्कर द्यायची होती, त्यासाठी त्यांनी या माणसाला ठेवलं. 'स्पॅनिश मेलिएस' हे नाव त्याला उगाच पडलेलं नाही. नक्कल नीट केली तरी ती नक्कलच.


माळरान

अनवट, चंद्राच्या सफरीबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. ती नक्कलच आहे आणि मालकाच्या सांगण्यावरून केलेली आहे. पण एका चित्रपटावरून माणसाला कायमचं दुसऱ्याच्या नावानं ओळखायचं, हे मला पटत नाही.

मेलिएसचा कॅमेरा खिळा ठोकल्यासारखा एका जागी. त्याचा चित्रपट म्हणजे त्याचं नाट्यगृह, तो स्वतः मधोमध आणि पडदा त्याच्याभोवती. चोमोन मुळात कॅमेऱ्यावरचा माणूस. तो सतत विचार करतो की कॅमेरा कुठे ठेवला तर डोळा फसेल. त्याच वर्षीचा, १९०७ चा 'ले किरिकी' बघा. जपानी कसरतपटूंच्या वेशातली माणसं एकमेकांच्या अंगावर अशक्य मनोरे रचतात, एका पोराच्या डोक्यावर सगळं कुटुंब उभं. प्रत्यक्षात ती सगळी मंडळी काळ्या जमिनीवर आडवी पडलीयेत आणि कॅमेरा वरून खाली बघतोय. एवढंच! पण ते सुचायला कॅमेरा म्हणजे प्रेक्षकाची खुर्ची नाही हे उमगावं लागतं.

आणि पुढचा प्रवास बघा. १९१२ मध्ये तो इटलीत तुरिनला इताला कंपनीत गेला. १९१४ च्या 'काबिरिया' या इटालियन चित्रपटात जो कॅमेरा चाकांवरून भल्यामोठ्या देवळांच्या सेटमधून हळूहळू सरकतो, त्याच्या छायाचित्रकारांपैकी एक चोमोन. फ्रेंच दिग्दर्शक आबेल गाँसच्या १९२७ च्या 'नेपोलियन'च्या करामतींतही त्याचा हात आहे. १९२९ मध्ये पॅरिसला वारला. नक्कल करणारा माणूस वीस वर्षं प्रत्येक नव्या कामाच्या ठिकाणी हवाहवासा राहत नाही.


अनवट

'किरिकी' पाहिला नव्हता, आत्ता पाहिला. मनोरा कोसळेल म्हणून मी शेवटपर्यंत श्वास रोखून होतो, वरून घेतलंय हे ठाऊक असूनही. नक्कल हा शब्द मागे घेतो. मेलिएस आधीचा आणि मोठा, हे मात्र माझं मत कायम आहे.


रिळवाला

नमस्कार. मी सत्तावीस वर्षं एकपडदा थिएटरात ऑपरेटर होतो, कार्बन जाळून पडदा उजळण्याच्या काळापासून. दिग्दर्शनातलं कळत नाही, पण फिल्म हाताळलीय, म्हणून बाटलीतली बाई कशी केली ते सांगतो.

एकाच फिल्मवर दोनदा चित्रण. पहिल्या वेळी भूत पुढे येऊन बाटली धरतो. बाटलीच्या मागे काळं, अगदी मिट्ट काळं. काळ्या जागेवरून उजेड परत येत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग कॅमेऱ्यातच फिल्म उलटी गुंडाळायची. आता काळ्या पडद्यापुढे, लांब अंतरावर, बाईला उभं करायचं. लांब असल्यानं ती वीतभर दिसते. ती नेमकी त्या कोऱ्या जागेत बसली पाहिजे. बोटभर सरकली तर काचेबाहेर.

मधे बघायची सोय नाही. फिल्म धुऊन येईपर्यंत जमलं की बिघडलं ते कळायचं नाही. हँडल हातानं फिरवायचं, एक फेरा म्हणजे आठ फ्रेम, सेकंदाला साधारण दोन फेरे. दोन्ही वेळा फेरे मोजत बसायचं, कितव्या फेऱ्याला भूत ओततो, कितव्या फेऱ्याला बाईनं हात वर करायचा. तोंडानं आकडे मोजत फिरवत असतील, दुसरा मार्ग नाही.

आणि गायब होण्याचं. लोकांना वाटतं कॅमेरा थांबवला, बाई बाजूला झाली, परत चालू केला. अर्धंच खरं. हँडल थांबताना आणि परत वेग घेताना फ्रेम हळू सरकतात, जास्त उजेड खातात, धुतल्यावर पांढुरक्या निघतात. त्या कापून जोड द्यावा लागतो. भूत झगा उडवतो तो क्षण थांबवत थांबवत बघा, हाताची जागा किंचित उडी मारते. तिथे जोड आहे. आमच्याकडे तुटलेल्या फिल्मला जोड देताना एक फ्रेम इकडची तिकडे गेली तर पडद्यावर कळायचं, प्रेक्षक शिट्ट्या मारायचे. या माणसाचे जोड मला एकदोनच सापडले, तेही शोधत बसल्यावर.

आणखी एक. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकणारी, पाण्यानंही न विझणारी. पडद्यावर एवढा जाळ दाखवणारी फिल्म स्वतःच ज्वालाग्राही. ती शंभराहून जास्त वर्षं टिकून माझ्या मोबाइलवर आली याचं मला सिनेमापेक्षा जास्त आश्चर्य वाटतं.


माळरान

रिळवाला काका, हात जोडतो. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. झगा उडवण्याची ती उडी आत्ता बघितली, खरंच आहे.


लिंबोणी

रंगाबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी कापडावर स्टेन्सिलनं रंगकाम करते, पंधरा वर्षं झाली. चित्रपट सुरू झाला आणि मला पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे रंग रेषेबाहेर थरथरतोय. ज्वाळेचा केशरी ज्वाळेच्या किंचित पुढे जातो, पुढच्या क्षणी मागे राहतो. काम करणाऱ्याला लगेच कळतं, हे छाप जुळवून दिलेलं हातचं काम आहे.

मग वाचून काढलं. सुरुवातीला फ्रेमवर ब्रशनं रंग भरायचे. एक फ्रेम म्हणजे साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १८ उंच, टपालाच्या तिकिटाएवढी. भिंग लावून, बारीक ब्रशनं, अॅनिलिनचे म्हणजे कृत्रिम रंग. सेकंदाला १६ फ्रेम आणि नऊ मिनिटं धरली तर ८,६४० तिकिटं. ही एका प्रतीची गोष्ट, आणि प्रती देशोदेशी जायच्या. त्यामुळे पातेनं स्टेन्सिल आणलं. चित्रपटाचीच एक प्रत घ्यायची आणि तिच्यातून, समजा, तांबडा जिथे जिथे हवा तेवढा भाग प्रत्येक फ्रेममधून कापून काढायचा. पिवळ्यासाठी दुसरी प्रत, हिरव्यासाठी तिसरी. मग कोऱ्या प्रतीवर एकेक स्टेन्सिल ठेवून रंग फिरवायचा. १९०७ च्या सुमारास हे काम हाताकडून यंत्राकडे सरकत होतं, पण कापणारे हात बायकांचेच. पॅरिसजवळ व्हँसेनला पातेच्या कारखान्यात शेकडो मुली हे काम करायच्या.

माझ्याकडे एका ओढणीवर तीन रंगांचे छाप असतात. दुसरा छाप ठेवताना दोऱ्याएवढा फरक पडला तर पानाची शीर पानाबाहेर दिसते, आणि गिऱ्हाईक ओढणी परत करतं. इथे साडेआठ हजार वेळा तो छाप जुळायला हवा, आणि तोही हलणाऱ्या झग्यावर. कुठे कुठे चुकलाय, पण चुकलेली जागासुद्धा बघाविशी वाटते, कारण तिथे कुणाचा तरी हात दिसतो.

माळरान, चोमोन या रंगकामात कसा आला हे तुम्ही लिहिलंच नाही. ते महत्त्वाचं आहे.


माळरान

लिंबोणी, राहिलंच होतं, आणि ते राहायला नको होतं. चोमोनची बायको ज्युलिएन मात्यू. फ्रेंच नटी, आणि फिल्म रंगवण्याच्या कामात तिचा हात बसलेला. चोमोन या धंद्यात शिरला तो तिच्यामुळे, रंगाच्या वाटेनं. बार्सिलोनात त्यानं फिल्म रंगवण्याचं काम सुरू केलं, पातेच्या चित्रपटांना रंग द्यायचा. काम इतकं चोख की १९०५ मध्ये पातेनं त्याला पॅरिसला बोलावून घेतलं. म्हणजे दिग्दर्शक होण्याआधी हा माणूस बायकोसोबत भिंगाखाली फ्रेम रंगवत बसलेला आहे. एकेक फ्रेम सुटी बघायची सवय तिथली. पुढे त्यानं फ्रेम-फ्रेम थांबवून वस्तू हलवल्या, त्याचं मूळ मला या टेबलाशी दिसतं.

आणि 'तांबड्या भुता'तली ती सद्शक्ती, भुताचा डाव उधळणारी, ती ज्युलिएन मात्यूच आहे असं बहुतेक नोंदी सांगतात.


सईची आई

मी लेकीला, सईला, दाखवायला म्हणून लावला आणि बायका जाळण्याच्या दृश्याला बंद केला. ती नऊ वर्षांची आहे. मला स्वतःलाही ते बघवलं नाही. इथे सगळे तंत्राचं कौतुक करताय, ते मनापासून आहे हे कळतं. पण बाईला गुंडाळा, तरंगवा, जाळा, बाटलीत भरा, आणि हे सगळं करमणूक म्हणून! सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांना यात काहीच खटकत नव्हतं का?


तगर

सईची आई, मलाही खटकलं होतं, मी लिहिलं नाही एवढंच. जादूच्या खेळात कापली जाते ती बाईच, गायब होते ती बाईच. रंगमंचावरची ती रीत सिनेमानं उचलली. पण इथे शेवटी डाव उलटवणारीही बाई आहे, आणि ती भुताची परवानगी मागत नाही. ती येते, बाटल्या हिरावते, त्याला निपचित पाडते. मला वाटतं तुम्ही बंद केलात तिथून पुढचं तरी सईला दाखवा.


सईची आई

बघते. पुढचा भाग आधी एकटी बघेन.


माळरान

सईची आई, तुमचं म्हणणं धाग्यात यायलाच हवं होतं. त्या दोघी जळतात तेव्हा चोमोन आपल्याला त्यांच्याबद्दल काही वाटू देत नाही, त्या नुसत्या वस्तू आहेत. बाटल्यांच्या दृश्यात मात्र त्या बायका काचेमागून हलताना दिसतात, अडकलेल्या दिसतात, आणि तिथे पहिल्यांदा आपण भुताच्या बाजूनं बघणं सोडतो. त्याला हे हेतुपुरस्सर करायचं होतं की करामत दाखवायची होती, हे ठरवता येणार नाही. माझ्यावर परिणाम मात्र असा झाला.

सईसाठी दुसरं सुचवतो. १९०८ चा 'एल ओतेल एलेक्त्रिको', विजेवर चालणारं हॉटेल. एक जोडपं हॉटेलात येतं आणि सगळं आपोआप होतं. सामानाच्या पेट्या आपल्या आपण जिने चढतात, ब्रश बूट पुसतो, वस्तरा दाढी करतो, बाईचे केस आपोआप विंचरले जातात. जोडप्याच्या भूमिकेत चोमोन आणि ज्युलिएन मात्यू स्वतः आहेत. शेवटी विजेच्या खोलीतला दारू प्यायलेला माणूस खटके भलतेच फिरवतो आणि सगळ्या सामानाला वेड लागतं. यात कुणी जळत नाही.

त्याच सुमाराचा 'ला मेझों आँसोर्सले', म्हणजे झपाटलेलं घर, हाही बघण्यासारखा. वादळी रात्री तिघं वाटसरू एका घरात आसरा घेतात. जेवणाच्या टेबलावर सुरी आपोआप पावाचे काप करते, पेयं आपोआप ओतली जातात, पण समोर माणूस कुणी नाही. मग रात्री सगळी खोलीच जहाजासारखी कलते. त्या सुरीचं दृश्य मला आजही थंडगार करतं, कारण ती भीती दाखवत नाही. नुसतं घरकाम करते.


रिळवाला

सुरीचं सांगतो. एक फ्रेम घ्यायची, थांबायचं, सुरी कणभर सरकवायची, परत एक फ्रेम. नेहमीचं हँडल एका फेऱ्यात आठ फ्रेम घेतं, मग एकच कशी घेणार? दाते बदलून एक फेरा एक फ्रेम असं करून घ्यायचं. स्पॅनिशमध्ये या पद्धतीला नावही हँडलावरूनच आहे, 'पासो दे मानिवेला'. पावाचा एक काप पडायला पंचवीस-तीस फ्रेम लागल्या तर तितक्या वेळा पुढे जाऊन हात लावायचा आणि मागे यायचं. मधे बाकी काही हलता कामा नये, टेबलक्लॉथची चुणीसुद्धा. अमेरिकेत ब्लॅकटन या दिग्दर्शकानं १९०७ मध्ये झपाटलेल्या हॉटेलाच्या चित्रपटात हेच केलं होतं, त्यामुळे 'पहिला कोण' या वादात मी पडत नाही. सफाई कुणाची ते बघावं.


धुकं

चोमोनचा जन्म ऑक्टोबर १८७१, तेरुएल. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. दीड वर्षाचं अंतर! वाचताना हे सारखं डोक्यात येत होतं. फाळकेही जादूगार, 'प्रोफेसर केळफा' नावानं प्रयोग करायचे, स्वतःचंच आडनाव उलटं करून. आणि फ्रेम-फ्रेम थांबवण्याची करामत त्यांनीही केली. १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपापुढे कॅमेरा लावून, ठरावीक वेळानं एकेक फ्रेम घेऊन, अंकुर डोळ्यांदेखत वाढताना दाखवला. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं राहिलं ते हा तुकडा दाखवून. पुढे १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज', त्यात काड्याच नाचतात. चोमोनची सुरी आणि फाळक्यांच्या काड्या, दोन्हीमागे हात एकाच प्रकारचा.

घरचंही तसंच. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या, आणि वर अख्ख्या चमूचा स्वयंपाक. ज्युलिएन मात्यूबद्दल वाचलं आणि पहिल्यांदा त्याच आठवल्या.

आणि फाळक्यांनी मुंबईत जो ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघून सिनेमा करायचं ठरवलं, तो पातेचाच होता ना? मग त्यातल्या चमत्कारांची दृश्यं चोमोनचीच!


अनवट

धुकं, इथे जरा थांबा. पातेच्या १९०७ च्या ख्रिस्तपटात चोमोनचं काम होतं. पण त्या काळात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचे चित्रपट अनेक कंपन्यांनी काढले होते, गोमाँ कंपनीसाठी आलिस गीनं १९०६ मध्ये काढलेला तर खूपच गाजला. फाळक्यांनी त्यांतला कोणता पाहिला यावर अभ्यासकांत एकमत नाही. जोड मोहक आहे, पण पक्का धरू नका.


धुकं

मान्य. तेवढं वाक्य माझ्याकडून घाईत गेलं. वाटाण्याचं रोप आणि आगकाड्या मात्र पक्क्या.


लिंबोणी

सरस्वतीबाईंचं वाचून बरं वाटलं. फिल्मला भोकं पाडणं हे ऐकायला छोटं काम आहे. भोक दाण्याएवढं सरकलं की पडद्यावर अख्खं चित्र उड्या मारणार. रिळवाला काका सांगतील.


रिळवाला

अगदी. आमच्याकडे भोकं फाटलेली प्रत आली की पडद्यावरचे लोक मलेरिया झाल्यासारखे थडथडायचे. अंधारात, हातानं, एकामागून एक भोक पाडणाऱ्या त्या माऊलीला माझा नमस्कार.


तगर

एक बारीक प्रश्न. चित्रपटात दिग्दर्शकाचं नाव कुठेच दिसलं नाही. मग हा चोमोनचा हे ठरलं कसं?


माळरान

तेव्हा पातेच्या चित्रपटांवर नाव फक्त कंपनीचं, आणि कोंबड्याचं चिन्ह. चोरून प्रती काढणाऱ्यांना आवर घालायला तो कोंबडा कधी कधी सेटवरच टांगलेला असायचा. काम करणाऱ्यांची नावं नाहीतच. त्यामुळे कुठला चित्रपट झेकाचा, कुठला चोमोनचा, हे नंतर अभ्यासकांनी कागदपत्रं आणि हातोटी ताडून लावलंय, आणि सालांचेही घोळ आहेत. झपाटलेल्या घराला कुणी १९०७ देतं, कुणी १९०८. म्हणूनच मी नावावर इतका अडून बसलोय, अनवट. आयुष्यभर कोंबड्याखाली काम केलं, आणि नाव मिळालं तेही दुसऱ्याचं.


अनवट

हे पटलं. यापुढे 'स्पॅनिश मेलिएस' म्हणणार नाही.


सईची आई

तीन दिवसांनी लिहितेय. सईला विजेचं हॉटेल दाखवलं, सलग चार वेळा. मग तिनं काड्यापेटी मागितली. मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवून आम्ही दोघींनी एकेक फोटो काढला, १४० फोटो. काड्या पेटीतून बाहेर येतात, रांगेत उभ्या राहतात आणि घर बांधतात. दहा-बारा सेकंदांत संपतं. दीड तास गेला आणि मधे एकदा पंख्यानं घर उडवलं, ते तसंच ठेवलं कारण छान दिसतंय. हाताची सावली मात्र तीन-चार फोटोंत आलीय.

'तांबडं भूत'ही शेवटी तिनं बघितलंच, जाळण्याचा भाग मी पुढे ढकलला. बाटल्या आल्या तेव्हा ती माझ्या मागे सरकली आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिली. सद्शक्ती आली तेव्हा परत पुढे आली. आता तिला स्वतःला बाटलीत जायचंय. काका, घरी जमेल का?


रिळवाला

जमेल. फिल्म उलटी गुंडाळायची कटकट नाही, आता दोन चित्रणं एकावर एक ठेवणारी साधी अॅप मिळतात. मोबाइल आधी घट्ट बांधा, दोन्ही वेळा तो तसूभर हलता कामा नये. बाटली साध्या काचेची घ्या, वरची चिठ्ठी पाण्यात भिजवून काढा. सईला खोलीच्या पार टोकाला उभी करा, कपडे फिकट रंगाचे. दिवा तिच्यावर बाजूनं, मागच्या पडद्यावर उजेड पडू देऊ नका.

पडदा मात्र काळ्या मखमलीचा हवा. सुती काळं कापड डोळ्याला काळं दिसतं, पण उजेड परत फेकतं, आणि मग बाटलीत राखाडी धूर भरल्यासारखा दिसतो. दोन मीटर पुरेल.